एकाच वारेवरची दोन बाळे

समतेचा पाठ शिकविताना वर्गात एक प्रश्न जवळजवळ दरवर्षी येतो. निसर्गानेच माणसे सारखी घडविलेली नाहीत. कोणी सुदृढ असतो, कोणी दुबळा. कोणाची बुद्धी तल्लख, कोणाची मंद. मग सर्वांना समान मानावयाचे ते कशाच्या आधारावर? प्रश्न प्रामाणिक असतो आणि घाईने उत्तर देऊन तो मिटत नाही.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा आक्षेप टाळला नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले, पण तेथे होऊ न शकलेले 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे भाषण १९३६ साली प्रसिद्ध झाले. माणसाचे सामर्थ्य तीन गोष्टींवर अवलंबून असते, असे त्यात त्यांनी सांगितले आहे : पहिली शारीरिक आनुवंशिकता, दुसरी सामाजिक वारसा, म्हणजे आईबापांची देखभाल, शिक्षण, संचित ज्ञान, आणि तिसरी स्वतःचे प्रयत्न. या तिन्ही बाबतींत माणसे असमान असतात, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. परंतु पहिल्या दोन गोष्टींच्या जोरावर माणसांची निवड केली, तर ती गुणवंतांची निवड होणार नाही, आधीच सुस्थित असलेल्यांची होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता.

आता असे एक उदाहरण मनात आणावे, की ज्यात आनुवंशिकता पूर्णपणे सारखी आहे आणि स्वतःच्या प्रयत्नांचा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही दोन जीवांत जीवनमरणाइतका फरक पडतो. असे उदाहरण कल्पनेतले नाही. ते आईच्या उदरात घडते. एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्या बाळांमध्ये रक्ताचा प्रवाह असमान झाला, की दोघांच्याही शरीराचा सारा कारभार बदलून जातो. वैद्यकात या अवस्थेला 'ट्विन-टू-ट्विन ट्रान्सफ्युजन सिंड्रोम', म्हणजे जुळ्यांमधील रक्तसंक्रमणाचा विकार, असे म्हणतात. इतिहासाच्या शिक्षकाने हा विषय निवडण्याचे पहिले कारण हे. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी-विद्यार्थिनी आज आईबाप झाले आहेत, होत आहेत. आणि या विकारात वेळेवर मिळालेली माहिती जीव वाचवू शकते.

एक वार, दोन नाळा

जुळी दोन प्रकारची असतात. एकाच वेळी दोन स्त्रीबीजे निघून दोन्ही फळली, तर द्विबीज जुळी होतात. ती एकमेकांची सख्खी भावंडे. फक्त एकाच वेळी जन्मलेली. त्या प्रत्येकाची वार स्वतंत्र असते. दुसरा प्रकार एकबीज जुळ्यांचा. एकच फलित बीज पुढे दुभंगते आणि दोन गर्भ तयार होतात. त्यांची आनुवंशिक घडण सारखी असते, म्हणून दोघेही मुलगे किंवा दोघीही मुली असतात. जगभर दर हजार बाळंतपणांत साधारण ३ ते ४ अशी एकबीज जुळी आढळतात.

बीज कधी दुभंगले, यावर पुढचे सर्व अवलंबून असते. पहिल्या तीन दिवसांत दुभंगले, तर दोघांच्या वारा वेगळ्या होतात. साधारण चौथ्या ते आठव्या दिवसादरम्यान दुभंगले, तर वार एकच राहते. पाण्याच्या पिशव्या मात्र दोन होतात. एकबीज जुळ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश वा त्याहून अधिक जुळी अशी एकाच वारेवर वाढतात. जोडकेळे खाल्ल्याने जुळी होतात, ही आपल्याकडची जुनी समजूत. बीज दुभंगते त्या दिवसांत आपण गरोदर आहोत हे त्या स्त्रीला ठाऊकही नसते. तेव्हा तिच्या खाण्यापिण्याला, वागण्याला किंवा ग्रहणात काय केले याला त्यात कसलेही स्थान नाही.

वार ही बाळाची फुप्फुसे, जठर आणि मूत्रपिंड या तिघांचे काम एकटी करते. आईच्या रक्तातून प्राणवायू आणि अन्नद्रव्ये घ्यावयाची, बाळाच्या रक्तातील टाकाऊ द्रव्ये आईकडे सोपवावयाची, हा तिचा व्यवहार. एकाच वारेवर दोन नाळा रुजल्या, की त्या दोघांच्या रक्तवाहिन्या वारेत एकमेकींना भेटतात. असे जोड जवळजवळ प्रत्येक सामाईक वारेत असतात. त्यांचे प्रकार तीन : रोहिणीला जोडलेली रोहिणी, नीलेला जोडलेली नीला आणि रोहिणीकडून नीलेकडे जाणारा जोड. पहिल्या दोन प्रकारांचे जोड वारेच्या पृष्ठभागावर असतात आणि त्यांतून रक्त दोन्ही दिशांनी जाऊ शकते. तिसरा जोड वारेच्या खोल भागात होतो आणि त्यातून रक्त एकाच दिशेने वाहते. एका बाळाची रोहिणी वारेच्या एखाद्या खंडात रक्त नेते आणि तेथून ते दुसऱ्या बाळाच्या नीलेत जाते.

बहुतेक वेळा या साऱ्या देवाणघेवाणीचा हिशेब जुळतो. विशेषतः रोहिणी-रोहिणी जोड असेल, तर एका बाजूला जास्त झालेले रक्त परत फिरण्यास वाट मिळते. असे दुतर्फी जोड अपुरे असले आणि एकतर्फी जोडांचे वजन एका बाजूला पडले, की तोल जातो. एकाच वारेवरच्या जुळ्यांपैकी सुमारे १० ते १५ टक्क्यांत हा विकार उद्भवतो. बहुधा गरोदरपणाच्या १६ व्या ते २६ व्या आठवड्याच्या दरम्यान.

तिसरे अभिसरण

या ज्ञानाचा इतिहास जर्मनीतील रोस्टॉक या गावापासून सुरू होतो. तेथील प्रसूतितज्ज्ञ फ्रीडरिख शात्झ यांनी १८७५ च्या सुमारास या विकाराचे वर्णन केले आणि पुढील अनेक वर्षे जुळ्यांच्या वारांचा अभ्यास केला. प्रसूतीनंतर पडलेल्या वारेच्या रक्तवाहिन्यांत द्रव भरून तो कोठून कोठे जातो, हे ते पाहत. प्रत्येक बाळाचे स्वतःचे रक्ताभिसरण असते. त्या दोहोंखेरीज वारेत दोघांचे मिळून एक सामाईक अभिसरण असते, हे त्यांनी दाखविले आणि त्याला 'तिसरे अभिसरण' म्हटले. लोक ज्या वारेला पुरून टाकण्याची वस्तू समजत, तिच्यात या माणसाने पुरावा शोधला.

त्याहून जुना एक पुरावा चित्राच्या रूपात आहे. नेदरलँड्समध्ये १६१७ सालचे, कापडात गुंडाळलेल्या दोन बाळांचे एक चित्र आहे. बाळे हुबेहूब सारखी. परंतु एकाचा चेहरा फिकट आणि दुसऱ्याचा लालबुंद. हे चित्र याच विकाराने ग्रासलेल्या जुळ्यांचे असावे, असे आधुनिक डॉक्टरांनी सुचविले आहे. चित्रावरून निदान निश्चित करता येत नाही. मात्र चित्रकाराने दोघांना एकाच रंगात न रंगविता जसे दिसले तसे रंगविले, असे मानण्यास जागा आहे.

फिकट आणि लाल या फरकाने पुढे वैद्यकाचीही काही काळ दिशाभूल केली. जन्मानंतर दोन बाळांच्या हिमोग्लोबिनमध्ये ५ ग्रॅमहून आणि वजनात २० टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर हा विकार समजावा, असा निकष विसाव्या शतकात बराच काळ चालला. पुढे गर्भातच नाळेतून रक्त तपासणे शक्य झाले, तेव्हा आढळले की अनेक गंभीर प्रसंगी दोन्ही बाळांच्या हिमोग्लोबिनमध्ये विशेष फरक नसतोच. फरक असतो तो रक्ताच्या एकूण आकारमानात आणि त्यामुळे शरीरात घडणाऱ्या उलथापालथीत. घटना घडून गेल्यानंतरच्या खुणा म्हणजेच घटना नव्हे, हा इतिहास-संशोधनाचा धडा येथेही लागू पडला. आता निदान सोनोग्राफीवर होते आणि मुख्य खूण मानली जाते ती दोन पिशव्यांतील गर्भजलाच्या प्रमाणाची.

दोन शरीरांतील उलथापालथ

ज्या बाळाकडून रक्त जाते त्याला वैद्यकात 'दाता' आणि ज्याच्याकडे येते त्याला 'ग्राही' म्हणतात. हे शब्द सोयीचे आहेत, पण फसवेही आहेत. देणाऱ्याने काही दिलेले नसते आणि घेणाऱ्याने काही मागितलेले नसते.

प्रथम दात्याचे पाहू. त्याच्या शरीरातील रक्ताचे आकारमान घटते. मूत्रपिंडांना रक्त कमी पोचते, तेव्हा ती धोक्याची सूचना म्हणून रेनिन नावाचे द्रव्य मोठ्या प्रमाणात सोडतात. रेनिनमुळे अँजिओटेन्सिन तयार होते. ते रक्तवाहिन्या आवळते आणि शरीरातील मीठ व पाणी राखून ठेवावयास लावते. मोठ्या माणसाचा खूप रक्तस्राव झाला असता शरीर हेच करते. दात्याच्या बाबतीत हा आणीबाणीचा उपाय आठवडेच्या आठवडे चालू राहतो. लघवी कमी होत जाते, मूत्राशय रिकामे राहते. गरोदरपणाच्या मध्यानंतर गर्भजल हे मुख्यतः बाळाच्या लघवीचे असते. त्यामुळे या बाळाची पिशवी आटते, तिचा पातळ पडदा अंगाला चिकटतो आणि बाळ गर्भाशयाच्या भिंतीशी जखडल्यासारखे दिसते. दीर्घकाळ आवळलेल्या रक्तवाहिन्यांमुळे मूत्रपिंडांच्या सूक्ष्म नलिकांना इजाही होऊ शकते.

रक्ताबरोबर पोषणाचा प्रश्नही येतो. अशा जुळ्यांच्या नाळेतील रक्ताच्या तपासण्यांत दात्याकडे अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने बांधण्याचा कच्चा माल, कमी आढळली आहेत. चरबीच्या पेशी तयार करीत असलेले लेप्टिन हे संप्रेरकही त्याच्याकडे कमी आढळले आहे. कित्येकदा वारेतील त्याचा वाटाच मुळात लहान असतो. म्हणून तो लहान राहतो. त्याच्या बीजात काही उणे असते म्हणून नव्हे. ते बीज तर दोघांचे एकच आहे.

आता ग्राहीकडे वळू. त्याला रक्त अधिक मिळते, म्हणून तो सुखात असेल असे वरवर वाटते. प्रत्यक्षात त्याच्या हृदयाला न पेलणारा भार वाहावा लागतो. हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि जादा पाणी बाहेर टाकण्यासाठी काही संप्रेरके सोडतात. लघवी वाढते, मूत्राशय भरलेले राहते आणि त्याच्या पिशवीत गर्भजल बेसुमार साठते. गर्भाशय ताणले जाऊन अकाली प्रसूतीचे भय निर्माण होते. पाणी गेल्यावर त्याचे रक्त अधिक दाट होते.

याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. ग्राहीच्या शरीरात रक्त भरपूर असल्यामुळे त्याची स्वतःची मूत्रपिंडे रेनिन बनविणे जवळजवळ थांबवितात. परंतु दात्याने आपल्या टंचाईपोटी निर्माण केलेले रेनिन त्याच जोडांतून ग्राहीकडे वाहत येते. एकीकडे जादा रक्त आणि दुसरीकडे रक्तवाहिन्या आवळणारा संदेश, असा दुहेरी मारा त्याच्यावर होतो. रक्तदाब चढतो, हृदयाचे स्नायू जाड होतात, झडपा गळू लागतात. उजव्या बाजूने फुप्फुसाकडे जाणारी वाट काही बाळांत अरुंद होते. शेवटी हृदय थकते आणि बाळाच्या त्वचेखाली, पोटात, छातीत पाणी साठते. उपचार न झाल्यास ग्राहीदेखील मृत्यूच्या दारात उभा असतो. आणि एका बाळाचा मृत्यू झाला, तर दुसऱ्याचे रक्त त्याच जोडांतून मृत बाळाच्या निर्जीव शरीरात वेगाने ओसरते. मागे उरलेल्याच्या मेंदूला वा जीवाला धोका पोचतो. गरोदरपणाच्या मध्यावर सुरू झालेल्या तीव्र विकारावर काहीच उपचार केले नाहीत, तर बहुसंख्य प्रसंगी दोन्ही बाळे दगावतात.

आईच्या रक्तात काय घडते

या विकाराची चर्चा बाळांभोवती फिरते आणि जिच्या शरीरात हे सारे घडते, ती बाजूला राहते. अमेरिकेतील मिलवॉकी येथील शल्यचिकित्सक ज्युलियन डी लिया यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २००० साली एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले. हा विकार झालेल्या मातांच्या रक्तात गरोदरपणाच्या मध्यावरच हिमोग्लोबिन आणि प्रथिने, विशेषतः अल्ब्युमिन, कमी झालेली आढळतात. अल्ब्युमिन हे रक्तातील पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणारे प्रथिन आहे. जुळ्या गरोदरपणात रक्तातील पाण्याचा अंश वाढून हे आकडे थोडे उतरतातच. येथे ते अधिक उतरलेले दिसले. म्हणून या मातांच्या आहाराकडे, प्रथिनांकडे आणि विश्रांतीकडे विशेष लक्ष द्यावे, असा डी लियांचा आग्रह राहिला.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. चांगल्या आहाराने वारेतील जोड बंद होत नाहीत, आणि आईने नीट खाल्ले नाही म्हणून हा विकार झाला, असेही म्हणता येत नाही. तिला दोष देण्यासाठी या निरीक्षणाचा वापर कोणी करू नये. ते सांगते एवढेच, की दोन बाळांचा आणि बिघडलेल्या वारेचा भार वाहणाऱ्या स्त्रीच्या शरीराची गंगाजळी लवकर संपते आणि ती भरून देणे हे तिच्या भोवतीच्या सर्वांचे काम आहे. आपल्या देशात ही गंगाजळी आरंभीच अपुरी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे दोनांतील एकीहून अधिक.

या संदर्भात मुंबई विधिमंडळातील एक चर्चा आठवते. २८ जुलै १९२८ रोजी कारखान्यांतील स्त्री-कामगारांना प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर भत्त्यासह विश्रांती देणाऱ्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. आईला अशी विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. मुंबई प्रांतात १९२९ साली तो कायदा झाला. गरोदर स्त्रीचे पोषण व विश्रांती ही घरातली दयाबुद्धीची बाब नसून हक्काची आणि धोरणाची बाब आहे, ही दृष्टी त्यामागे होती.

जोड तोडण्याची शस्त्रक्रिया

या विकारावर दीर्घकाळ एकच उपाय चालत होता. ग्राहीच्या पिशवीत सुई घालून जादा पाणी वारंवार काढावयाचे. त्यामुळे आईचा ताण हलका होई, प्रसूती काही काळ लांबे; पण कारण तसेच राही. डी लियांनी वेगळी वाट धरली. आईच्या पोटातून बारीक दुर्बीण आत घालून, वारेवरचे जोड डोळ्यांनी पाहून, लेसरच्या किरणांनी ते बंद करावयाचे. पहिल्या ३ रुग्णांचा वृत्तान्त त्यांनी १९९० साली प्रसिद्ध केला. १९९९ मध्ये रुबेन किंतेरो यांनी विकाराच्या पाच पायऱ्या ठरविल्या : पहिलीत केवळ गर्भजलाचा असमतोल, दुसरीत दात्याचे मूत्राशय दिसेनासे होणे, तिसरीत रक्तप्रवाहात गंभीर बिघाड, चौथीत बाळाच्या अंगात पाणी साठणे, पाचवीत एका वा दोन्ही बाळांचा मृत्यू.

लेसर चांगला की पाणी काढणे चांगले, या वादाचा निकाल युरोपातील एका तुलनात्मक चाचणीने लावला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत १४२ मातांचा समावेश होता. लेसरच्या गटात ७६ टक्के मातांचे किमान एक बाळ जन्मानंतर २८ दिवसांपर्यंत जगले. पाणी काढण्याच्या गटात हे प्रमाण ५६ टक्के होते. लेसरच्या गटातील बाळांत मेंदूची इजाही कमी आढळली. फरक इतका स्पष्ट होता, की चाचणी ठरल्या मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली.

तरीही काही सूक्ष्म जोड नजरेतून निसटत. त्यामुळे विकार पुन्हा उलटे, किंवा एका बाळाला हळूहळू रक्तक्षय होऊन दुसऱ्याचे रक्त दाट होत जाई. यावर उपाय म्हणून सुट्या जोडांवर लेसर मारून झाल्यावर वारेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लेसरची सलग रेषा ओढण्याची पद्धत निघाली. तिचा निष्कर्ष २०१४ मध्ये २७४ मातांच्या अभ्यासातून पुढे आला : रक्तक्षय व दाटपणाच्या गुंतागुंतीचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. या पद्धतीला, एका बाळावर दोन स्त्रियांनी सांगितलेल्या हक्काचा निवाडा करणाऱ्या सॉलोमन राजाचे नाव दिले आहे. आपल्या वाचकांना त्यावरून महाउम्मग्ग जातकातील महोसध पंडिताची आठवण होईल. त्यानेही जमिनीवर रेषा ओढून, बाळ मध्ये ठेवून, दोघींना ते ओढावयास सांगितले होते. आणि बाळाला दुखेल म्हणून जिने हात सोडला, तीच खरी आई ठरविली होती.

भारतातही मोठ्या शहरांतील काही गर्भवैद्यक केंद्रांत ही शस्त्रक्रिया होते. तिच्यात धोका आहे. पाण्याची पिशवी अकाली फुटू शकते, दोन्ही बाळे वाचतीलच अशी हमी कोणी देत नाही. पण जेथे जवळजवळ निश्चित मृत्यू होता, तेथे आता बहुतेक प्रसंगी किमान एक आणि पुष्कळदा दोन्ही बाळे जगतात.

शरीर काय लक्षात ठेवते

जन्मापूर्वीच्या या दिवसांची खूण पुढेही टिकते काय? हा विकार झालेल्या जुळ्यांच्या रोहिण्यांची लवचिकता बालवयात मोजली गेली, तेव्हा दाता राहिलेल्या बाळाच्या रोहिण्या अधिक ताठर आढळल्या. ज्यांच्यावर गर्भातच लेसरची शस्त्रक्रिया झाली होती, त्यांच्यात हे चित्र बदलून वेगवेगळ्या वारांवर वाढलेल्या जुळ्यांसारखे झालेले दिसले. म्हणजे टंचाईची आठवण शरीर ठेवते; पण कारण वेळेवर दूर केले, तर ती आठवण बदलूही शकते.

एकेकट्या जन्मलेल्या बाळांबाबतही हाच विचार आपल्या पुण्याजवळच्या खेड्यांत तपासला गेला आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा गावांतील मातांचा आणि मुलांचा दीर्घ अभ्यास केला. तेथील बाळे वजनाने कमी, स्नायूंनी बारीक, पण चरबी तुलनेने राखून असलेली आढळली. अशी घडण पुढे मधुमेहाला अनुकूल ठरते. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे, दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे आकाराने मोठी होती. महागडे औषध नव्हे. मेथी, चाकवत, पेरू आणि कपभर दूध. एका बाबतीत वारेतील जोड, दुसऱ्या बाबतीत आईच्या ताटातील उणीव; परंतु गर्भाच्या चयापचयावर पुरवठ्याचा ठसा उमटतो, हे सूत्र समान आहे.

आपण काय करावे

घरात जुळ्यांची चाहूल लागली, की पेढे वाटण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा : वार एक आहे की दोन? हे सर्वांत स्पष्ट कळते ते ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत, कारण दोन पिशव्यांमधील पडदा वारेला कसा मिळतो, हे तेव्हा नीट दिसते. पुढे पडदे पातळ होतात आणि उत्तर अवघड होते. म्हणून पहिली सोनोग्राफी लांबवू नये आणि 'वार एक की दोन' हे अहवालात लिहून घ्यावे.

वार एकच असेल, तर १६ व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी करावी लागते. आईला बरे वाटत असले तरीही करावी. कारण आरंभी या विकाराची तक्रार काहीच नसते. पोट काही दिवसांतच एकाएकी वाढणे, ते घट्ट ताणल्यासारखे वाटणे, धाप लागणे, कळा येणे, ही लक्षणे दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात जावे. गर्भजलात असमतोल आढळला, तर गर्भवैद्यक तज्ज्ञाकडे चिठ्ठी मागावी.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्यकेंद्रांत गरोदर मातांची तपासणी विनामूल्य होते. गावातील आशाताईंकडे त्याची माहिती असते. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली असेल, तर गोळ्या नियमाने घ्याव्यात. जेवणात डाळ, कडधान्य, अंडी, दूध यांचा वाटा वाढवावा. आणि घरातील सर्वांच्या शेवटी उरलेले खाण्याची रीत त्या बाईपुरती तरी त्या दिवसापासून बंद करावी.

दोन बाळांपैकी एक लहान जन्मले किंवा दगावले, तर 'मोठ्याने धाकट्याचे रक्त प्याले', 'आईच्या पायगुणाने असे झाले', अशी वाक्ये बौद्ध घरातून तरी उच्चारली जाऊ नयेत. भगवान बुद्धांनी प्रत्येक दुःखाला कारण असते आणि कारण दूर केल्यास दुःख दूर होते, असे शिकविले. येथे कारण वारेच्या खोल भागातील काही बारीक रक्तवाहिन्यांत आहे. ते दिसते, मोजता येते आणि पुष्कळदा बंदही करता येते.

वर्गातील त्या प्रश्नाकडे आता पुन्हा पाहता येईल. एकाच बीजाची दोन बाळे. एक फिकट आणि खुरटलेले, दुसरे लालबुंद आणि फुगलेले. त्यांना कोणी जन्मल्यावर पाहिले असते, तर एकाला उपजत दुबळा आणि दुसऱ्याला उपजत सबळ ठरवून मोकळा झाला असता. दोन्ही निर्णय चुकीचे ठरले असते. त्या दोघांत फरक पाडला तो पुरवठ्याच्या रचनेने. आणि ज्याच्या बाजूने ती रचना झुकली होती, त्याचेही हृदय तिने निकामी केले. वैद्यकाने दात्याला अधिक कष्ट करण्याचा उपदेश केला नाही, की ग्राहीला शिक्षा केली नाही. त्याने जोड शोधले आणि ते बंद केले. समाजाचे शरीर गर्भासारखे साधे नसते, हे मान्य. परंतु एखादे मूल वर्गात मागे पडलेले दिसले, तर त्याच्या बुद्धीविषयी मत बनविण्यापूर्वी त्याला आजवर काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हे पाहण्याची सवय शिक्षकांनी आणि पालकांनी लावून घेण्यास एवढे उदाहरण पुरेसे आहे. आपली निवासी शाळा ज्या मुलांसाठी उभी राहिली, त्यांच्या बाबतीत हे पाहणे तिचे पहिले कर्तव्य आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!